मागच्या आसनावरची तक्रार

घाटाची चढण सुरू झाली, की मागच्या आसनावरून कोणी तरी म्हणते, "गाडीत कसला तरी वास येतो आहे." हे वाक्य आपल्याही कुटुंबात कधी ना कधी उच्चारले गेले असेल. बोलणारी बहुधा आजी असते, नाही तर जिला गाडी लागते अशी एखादी मुलगी. चालक महाशय एकदा जोराने श्वास ओढून पाहतात. त्यांना काही जाणवत नाही. "पुढच्या ट्रकचा धूर असेल," असे म्हणून ते काचा अधिक घट्ट लावून घेतात आणि बाहेरची हवा मुळीच आत येऊ नये अशा बेताने वातानुकूलनाचे बटण फिरवतात. थोड्या वेळाने आजीलाही वास जाणवेनासा होतो आणि तो गेला असे सर्वांना वाटते. आजीचे डोके मात्र दुखत राहते. ते उन्हाने, रिकाम्या पोटाने किंवा रस्त्याच्या वळणांनी दुखत असावे, असे मग एकमताने ठरते.

प्रस्तुत लेखकाने चालकाच्या जागी बसून नेमके हेच केलेले आहे. मुंबईहून नाशिकला जाताना कसारा घाटात माझ्या आईने दोन वेळा वासाची तक्रार केली आणि दोन्ही वेळा मी तिला समोरचा ट्रक दाखवला. गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, चांगली वापरलेली होती. इगतपुरीच्या पुढे चहासाठी थांबलो, तेव्हा आईला गाडीतून उतरून धड उभे राहवेना. मोकळ्या हवेत अर्धा तास बसल्यावर तिला बरे वाटले. मला मात्र बरे वाटण्यास बरेच दिवस लागले.

हा वास येतो कोठून आणि त्यात भिण्यासारखे नेमके काय असते, याची विचारपूस मी त्या दिवसानंतर करू लागलो. तेव्हा असे आढळले, की हाच प्रश्न अमेरिकेतील हजारो मोटारमालकांनी सरकारदरबारी नेला होता आणि त्याचा निकाल लागण्यास सुमारे साडेसहा वर्षे लागली होती. ती हकीगत आपल्याही उपयोगाची आहे.

फोर्ड कंपनीची 'एक्सप्लोरर' ही तीन रांगांची, ऐसपैस अशी कौटुंबिक गाडी. तिचीच एक आवृत्ती अमेरिकेतील पोलीस दले गस्तीसाठी वापरीत. या गाडीत धुराचा वास येतो अशा तक्रारी तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे येऊ लागल्या. १५४ तक्रारी जमल्यावर, जुलै २०१६ मध्ये प्रशासनाने प्राथमिक चौकशी आरंभली. वर्षभराने, जुलै २०१७ मध्ये, तिला सखोल तांत्रिक तपासणीचे स्वरूप देण्यात आले. २०११ ते २०१७ या वर्षांतील नमुन्यांच्या सुमारे १३ लाख ३० हजार गाड्या तिच्या कक्षेत आल्या. प्रशासनाकडील व कंपनीकडील मिळून तक्रारींचा आकडा तोवर २,७०० च्या वर गेला होता. त्यांत ३ अपघातांचा आणि ४१ व्यक्तींना झालेल्या इजांचा उल्लेख होता. त्याच महिन्यात टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी आपल्या सुमारे ४०० गाड्या एकदम सेवेतून काढून घेतल्या, कारण गस्तीवरील शिपायांना चक्कर व डोकेदुखीचा त्रास होऊ लागला होता.

या तक्रारींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येत होती. वास सदासर्वदा येत नसे. उंच चढण चढताना, किंवा महामार्गाला मिळताना गाडी जोराने पळवावी लागली म्हणजे तो येई. आणि तोही विशेषतः वातानुकूलन आतलीच हवा फिरवीत असे तेव्हा. मालक गाडी कारखान्यात नेऊन उभी करीत. उभ्या गाडीत वास कसला येणार? तंत्रज्ञ नाक लावून पाहत आणि दोष नाही असे सांगत. आपल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांत हा अनुभव ज्यांना आला असेल, त्यांनी तंत्रज्ञाला लबाड समजू नये. दोष ज्या परिस्थितीत प्रकट होतो ती परिस्थितीच त्याच्यापुढे कोणी ठेवलेली नसते.

चढण, वेग आणि आत फिरणारी हवा या तीन गोष्टी एकत्र का याव्या लागतात, हे समजण्यास यंत्रशास्त्राची पदवी नको. कच्च्या रस्त्याने धावणारी जीपगाडी आठवून पाहा. धूळ चाकांखाली उडते, पण सर्वांत जास्त बसते ती मागच्या काचेवर. एस. टी. च्या शेवटच्या बाकावर बसून खेडेगावी गेलेल्या कोणासही हे सांगावे लागणार नाही. गाडी हवा कापीत पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब किंचित कमी होतो. त्या पोकळीत आजूबाजूची हवा घुसते, भोवरे करते आणि गाडीच्या पाठीला चिकटल्यासारखी तिच्याबरोबर ओढली जाते. जीपच्या काचेवर बसणारी धूळ याच मार्गाने येते आणि सायलेन्सरच्या नळीतून निघणारा धूरही काही अंशी याच मार्गाने डिकीच्या दारापाशी घोटाळत राहतो. ज्या गाड्यांची पाठ सरळ, भिंतीसारखी असते, त्यांत हे अधिक घडते. म्हणून मोठे सामान नेताना डिकीचे दार दोरीने बांधून अर्धवट उघडे ठेवण्याची आपली सवय वाईट आहे. धुराला यापेक्षा सोपे प्रवेशद्वार नाही.

आता गाडीच्या आत काय चालते ते पाहू. बाहेरची ताजी हवा आत घेण्याचे बटण चालू असेल, तर पंखा ती आत ढकलतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा वाढतो आणि हवा फटींतून बाहेर जात राहते. नको असलेली हवा बाहेर सोडण्यासाठी बहुतेक गाड्यांत मागल्या बाजूस, बंपरच्या आड, एकाच दिशेने उघडणाऱ्या रबरी झडपा बसवलेल्या असतात. तेच बटण आतली हवा फिरवण्यावर ठेवले, की ही ढकलणारी शक्ती नाहीशी होते. पंखा आतलीच हवा ओढतो आणि सोडतो. अशा वेळी झडप नीट मिटत नसेल, दाराची रबरी पट्टी फाटलेली असेल किंवा पत्र्याला एखादे भोक राहिले असेल, तर बाहेरची हवा त्यातून आत येऊ लागते. आणि मागच्या बाजूस बाहेरची हवा म्हणजे धूरच.

राहिली चढण. इंजिनावर पूर्ण भार पडतो तेव्हा पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने वाढवले जाते, जेणेकरून जोर मिळावा आणि इंजिनाचे व धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक पात्राचे तापमान आटोक्यात राहावे. परंतु पेट्रोल जास्त आणि हवा अपुरी, म्हणजे ज्वलन अर्धवट. नेमक्या त्याच क्षणी धूर अधिक घाण आणि अधिक विषारी होतो. सपाट रस्त्यावर जी गाडी निर्दोष वाटते, तीच घाटात आजीला का त्रास देते याचे उत्तर येथे आहे.

आता या धुरात असते काय? पूर्ण जळलेल्या इंधनाची पाण्याची वाफ आणि कर्बद्विप्राणील वायू होतो. त्यांना वास नाही. वास येतो तो न जळलेल्या वा अर्धवट जळलेल्या इंधनाचा. आणि कधी सडक्या अंड्यासारखा येतो तो इंधनातील गंधकाचा. (१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत-सहा मानकांनी पेट्रोल-डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणली, त्यामुळे हा दुसरा वास पूर्वीइतका उग्र राहिलेला नाही.) आणि या सर्वांबरोबर, कसलाही रंग, चव वा गंध नसलेला कार्बन मोनॉक्साईड वायू असतो. जीव घेतो तो हा. नाकाला जे कळते ते घातक नव्हे आणि जे घातक ते नाकाला कळत नाही, अशी ही विचित्र जोडी आहे.

आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरचे उदाहरण घ्या. त्यातील वायूला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. अमेरिकेतील न्यू लंडन या गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी गंधहीन नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर अशा वायूला वास देण्याचे कायदे झाले. मोटारीच्या धुरात असा पहारेकरी कोणी ठेवलेला नाही. तेथला वास हा योगायोगाने बरोबर आलेला सोबती आहे. तो आला म्हणजे विष आलेच असे नव्हे. पण ज्या वाटेने तो आला ती वाट विषालाही मोकळी आहे, एवढे निश्चित. उलट, उत्प्रेरक पात्र चांगले चालत असले तरी वास थोडाफार राहू शकतो. आणि पात्र बिघडले, तर कार्बन मोनॉक्साईड वाढूनही वासात विशेष फरक पडेलच असे नाही.

या वायूची शरीरातील करणी शास्त्रज्ञांनी फार पूर्वी शोधून काढली. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या ओढीने धरते, त्याच्या सुमारे २०० ते २५० पट ओढीने ते कार्बन मोनॉक्साईडला धरते. त्यामुळे हवेत तो अल्प असला तरी श्वासागणिक रक्तात साठत जातो आणि प्राणवायूला जागा उरत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले आणि १८९५ मध्ये ते प्रसिद्ध केले. खाणीत पिंजऱ्यातील लहान पक्षी नेण्याची सूचना त्यांचीच. माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि खाणकामगार सावध होत. ब्रिटनच्या खाणींतून हे कॅनरी पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले. मोटारीतील आजी आणि लहान मूल यांची तुलना त्या पक्ष्यांशी करणे शोभत नाही खरे; पण वृद्ध, गर्भवती, लहान मुले आणि हृदयाचे वा फुप्फुसाचे विकार असलेली माणसे यांना त्रास लवकर होतो, हे वैद्यकाचे म्हणणे आहे.

प्रथम डोके जड होते, मग मळमळ, चक्कर, गुंगी. ही लक्षणे गाडी लागण्याच्या लक्षणांसारखीच असल्याने फसगत होते. एक खूण ध्यानात ठेवावी: गाडीतील बहुतेकांना एकाच वेळी डोकेदुखी सुरू झाली आणि बाहेर उतरताच सर्वांना हळूहळू बरे वाटू लागले, तर गाडीवर संशय घ्यावा. ग्लानी आलेल्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ तास-दीड तासावर येतो.

आणि वास जाणवेनासा होण्याबद्दल. नाकाला एकच वास सतत मिळत राहिला, तर काही मिनिटांतच ते त्याची दखल घेणे सोडून देते. अत्तराच्या दुकानातील माणसाला अत्तर कळत नाही. म्हणून पहिली तक्रार जिने केली तिचे म्हणणे खरे मानावे, आणि पडताळा पाहायचाच तर गाडी थांबवून, दोन मिनिटे बाहेर उभे राहून, पुन्हा आत शिरून पाहावा.

अमेरिकेतील चौकशीचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने सर्व मालकांना विनामूल्य दुरुस्ती देऊ केली: वातानुकूलनाच्या आज्ञावलीत बदल करून अधिक ताजी हवा आत यावी असे करणे, मागच्या दाराच्या झडपा बदलणे आणि पाठीमागील सांधे तपासून बुजवणे. गाड्या सुरक्षित आहेत, हे म्हणणे तिने सोडले नाही. जानेवारी २०२३ मध्ये प्रशासनाने चौकशी बंद केली. निष्कर्ष असा निघाला, की ज्या गाड्यांचे सांधे शाबूत होते त्यांत कार्बन मोनॉक्साईडचे प्रमाण कामाच्या ठिकाणी मान्य असलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याचे आढळले नाही. सर्वाधिक प्रमाण सापडले ते दोन प्रकारच्या गाड्यांत. पाठीमागून धडक बसून नंतर दुरुस्त केलेल्या, आणि नंतर बाहेरून जादा उपकरणे बसवलेल्या. पोलिसांच्या गाड्यांत दिवे, भोंगे व बिनतारी यंत्रांच्या तारांसाठी पत्र्याला भोके पाडली होती आणि ती नीट बुजवली नव्हती.

हा निकाल वाचून मालक चुकले आणि कंपनी जिंकली, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वास येतो हे मालकांचे म्हणणे खरेच होते. ते खोटे असते, तर झडपा बदलण्याचे कारण नव्हते. त्या वासाचा अर्थ त्यांतील अनेकांनी लावला तितका भयंकर नव्हता, इतकेच. आणि ज्यांच्या गाड्यांना भोके होती, त्यांच्या बाबतीत तर तो होताच. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही गाड्या सारख्याच. भेद करता येतो तो तपासल्यावर.

आपल्याकडे भोके पाडलेल्या गाड्या काय थोड्या आहेत? डिकीत सी.एन.जी. ची टाकी बसवताना नळीसाठी पत्रा कापावा लागतो. ध्वनिवर्धक, मागचा कॅमेरा, ओढण्याचा आकडा, या प्रत्येकासाठी कोठे ना कोठे छिद्र पडते. चांगला कारागीर त्यात रबरी कडे बसवून वर सीलंट भरतो. घाईतला कारागीर चटई पसरून मोकळा होतो. माझ्या गाडीत दुसऱ्या तंत्रज्ञाने चटई उचलली, तेव्हा सी.एन.जी. च्या नळीभोवती अंगठा जाईल एवढी फट निघाली. शिवाय आधीच्या मालकाकडे असताना गाडीला मागून ठोकर बसली होती, ती रंगाखाली झाकली होती; डिकीचे दार एका कोपऱ्यात पट्टीला टेकतच नव्हते.

ही तपासणी आपण घरीही करू शकता. कागदाची पट्टी दारात धरून डिकी बंद करावी आणि पट्टी ओढून पाहावी. घट्ट लागली पाहिजे. असे चारही बाजूंनी करावे. रात्री आतमध्ये दिवा लावून दार मिटले, तर फटींतून उजेड दिसतो. चटया उचलून भोके पाहावीत. सायलेन्सरची नळी गंजली आहे काय, तिचे टोक बंपरच्या बाहेर येते काय, इंजिनापाशी सांध्यातून फुरफुर असा आवाज येतो काय, हे मात्र गाडी वर उचलून जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे. धूर-तपासणीचे पी.यू.सी. प्रमाणपत्र जवळ आहे म्हणून निश्चिंत राहू नये. ती तपासणी नळीच्या टोकाशी होते. आसनापाशी काय पोचते ते तिला ठाऊक नसते. कार्बन मोनॉक्साईड मोजणारी छोटी यंत्रे बाजारात मिळतात. अंदाज यावा म्हणून सांगतो: अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेने आठ तासांच्या कामासाठी सुचवलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग एवढी आहे.

दुरुस्ती होईपर्यंत बटण ताज्या हवेवर ठेवावे, पंखा मोठा करावा, आणि वास आलाच तर एकच मागची काच न उघडता पुढच्या दोन्ही काचा खाली घ्याव्यात. एकट्या मागच्या काचेने धूर कधी कधी अधिकच आत ओढला जातो.

उभ्या गाडीचा धोका याहून वेगळा आणि फार मोठा आहे. इंजिन चालू ठेवून, काचा लावून, गाडीत झोपणे कोणत्याही गाडीत करू नये. बंद गॅरेजात तर गाडी क्षणभरही चालू ठेवू नये, दार उघडे असले तरी. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवर्षावात मोटारी अडकून पडल्या आणि किमान २२ माणसे दगावली. उबेसाठी इंजिन चालू, आणि धुराची नळी बर्फाखाली, हे त्यांतील अनेक मृत्यूंचे कारण समजले जाते. काश्मीर, हिमाचल किंवा सिक्कीमच्या सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनी हे विसरू नये. गाडी अडकलीच, तर इंजिन चालू करण्यापूर्वी नळीभोवतीचा बर्फ उकरून काढावा.

तक्रार लिहावयाची असेल, तर अमेरिकेतील मालकांपासून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. "वास येतो" एवढेच न लिहिता केव्हा येतो ते लिहावे: चढणीवर की सपाटीला, किती वेगात, बटण कोठे होते, काचा कशा होत्या, कोणत्या आसनावर प्रथम जाणवला, आणि गाडीला नंतर काय काय बसवले आहे. शेवटची बाब लपवू नये. तीच बहुधा उत्तर असते. कारखान्यात गाडी ठेवून न येता तंत्रज्ञाला बरोबर घेऊन चढणीवर जावे. ती नवी असूनही दोष निघत नसेल, तर आपल्या देशातही मार्ग आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांतील सुरक्षाविषयक दोषांच्या तक्रारी ठराविक संख्येने आल्यास सरकार उत्पादकाला ती वाहने परत बोलावण्यास सांगू शकते. एकट्याची तक्रार त्या मोजणीत एक आकडा असते, म्हणून ती नोंदवावी. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकही आहे.

माझी फट बुजली, दाराची बिजागरी सरळ झाली, पट्टी नवी आली. त्यानंतर आम्ही पुन्हा त्याच घाटाने गेलो. आई तिच्याच आग्रहावरून मागे बसली होती आणि बटण ताज्या हवेवर होते. इगतपुरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, धुराचा वास येतो आहे." मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, पुन्हा आत बसून पाहिले. वास नव्हता. समोरून मात्र एक ट्रक काळा धूर सोडीत चढण चढून पुढे निघून गेला होता.